चार सुऱ्या आणि पाच काटे

हल्ली 'ग्रॅटिट्यूड' हा शब्द ऑफिसात फार ऐकू येतो. एचआरच्या मेलमध्ये असतो, मोबाइलच्या ॲपमध्ये असतो. रोज रात्री झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी लिहा म्हणे, मन शांत होतं. कल्पना काही वाईट नाही. पण आभार मानायचे म्हणजे नक्की कुणाचे, हा प्रश्न ॲप विचारत नाही. 'धन्यवाद' म्हणायचं आणि समोर कुणीच नाही, असा सगळा प्रकार.

मराठी ख्रिस्ती लोकांकडे यासाठी एक भारदस्त शब्द आहे... उपकारस्तुती. मराठी बायबलमधून तो चर्चमध्ये गेला आणि तिथून घरात. कुणी आजारातून उठलं, मुलाला नोकरी लागली, नवं घर झालं की उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात. शब्द फोडून बघा. कुणीतरी उपकार केलाय आणि कुणीतरी त्याची स्तुती करतंय, म्हणजे दोन पक्ष आले. याच शब्दाच्या शेजारी राहणारा दुसरा शब्द म्हणजे अभिवचन. देवाने दिलेला शब्द. आधी अभिवचनावर भरवसा, मग उपकारस्तुती, असा साधारण क्रम. मधल्या काळात काय करायचं? म्हणजे शब्द मिळालाय पण डब्यात पीठ नाहीये, त्या काळात? मला इतिहासात रस वाटतो तो या मधल्या काळाचा. आणि त्याचे सगळ्यात तपशीलवार 'लॉग' ज्याने ठेवले तो माणूस होता ब्रिस्टलचा जॉर्ज म्युलर.

म्युलर मूळचा प्रशियातला, जन्म १८०५ चा. तरुणपणी अगदी वाया गेलेला. बापाचे पैसे चोरले, हॉटेलची बिलं बुडवली, एकदा तुरुंगाची हवाही खाऊन आला. हाले विद्यापीठात शिकताना त्याचं आयुष्य पालटलं. १८२९ मध्ये तो इंग्लंडला आला, आणि १८३२ पासून ब्रिस्टलमध्ये धर्मोपदेशक म्हणून राहिला. तिथे येण्याआधीच, १८३० मध्ये, त्याने ठरावीक पगार घेणं सोडून दिलं होतं. लोकांनी चर्चमधल्या पेटीत जे टाकायचं ते टाकावं, त्यावर आपलं घर चालेल.

आता गंमत बघा. म्युलरने पुढे अनाथाश्रम काढला आणि तो त्यासाठीच प्रसिद्ध आहे, पण अनाथ मुलं हे त्याचं पहिलं कारण नव्हतं. हे त्याने स्वतःच स्वच्छ लिहून ठेवलंय. त्याच्या ओळखीतला एक माणूस रोज चौदा ते सोळा तास काम करायचा. शरीर थकलेलं, मनाला विसावा नाही, प्रार्थनेला वेळ नाही. म्युलर म्हणायचा, थोडं कमी काम करत जा. त्यावर तो म्हणायचा, कमी काम केलं तर बायकापोरांना पुरेल एवढं मिळणार नाही. दुसरे काही लोक व्यापारात होते. बाजारात टिकायचं तर थोडी लबाडी करावीच लागते, असं त्यांचं म्हणणं. म्हाताऱ्यांना धास्ती होती की हातपाय थकले की आपली रवानगी गरीबखान्यात होणार. हे सगळे देव मानणारे लोक होते, दर रविवारी चर्चला येणारे. पण देव आपल्या शब्दाला जागतो यावर सोमवार ते शनिवार त्यांचा विश्वास नव्हता.

चौदा ते सोळा तास! १८३० च्या दशकातलं ब्रिस्टल आणि रिलीजच्या आठवड्यातलं हिंजवडी यात फार फरक नाही म्हणायचा :-)

तर या लोकांना प्रवचन देऊन उपयोग नव्हता, ते त्यांनी पुष्कळ ऐकलेलं होतं. त्यांना डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी हवं होतं. म्युलरच्या डोक्यात आलं ते असं: आपल्यासारख्या खिशात दमडी नसलेल्या माणसाने, कुणाकडेही एक पैसा न मागता, फक्त प्रार्थनेच्या जोरावर एक अनाथाश्रम चालवून दाखवला, तर ती गोष्ट चौकात उभी राहील. ज्याला यायचं त्याने येऊन बघावी. आपल्या भाषेत सांगायचं तर 'प्रूफ ऑफ कन्सेप्ट'. हालेमध्ये फ्रांके नावाच्या धर्मगुरूने शंभरावर वर्षांपूर्वी असंच काम उभं केलं होतं, ते त्याच्या डोळ्यांसमोर होतंच. डिसेंबर १८३५ मध्ये बायबलमधल्या ८१ व्या स्तोत्रातलं एक अभिवचन त्याच्या मनात ठसलं. तोंड मोठं उघड, मी ते भरीन, अशा अर्थाचं. तेव्हापासून तो जागा, एक हजार पौंड आणि काम करणारी चांगली माणसं, एवढं मागायला लागला. मागायला म्हणजे देवाकडे.

आणि जे जे आलं ते त्याने लिहून ठेवलं. ही वही वाचण्यासारखी आहे. अगदी पहिल्या देणग्यांमधली एक यादी बघा: तीन मोठ्या थाळ्या, अठ्ठावीस बशा, तीन वाडगी, एक जग, चार मग, मिठाच्या तीन वाट्या, एक किसणी, चार सुऱ्या आणि पाच काटे. सुऱ्या चार का आणि काटे पाच का, देव जाणे. कुणाच्या तरी घरातला सेट तुटलेला असणार. एखाद्या कारकुनाने सरळ 'काही भांडी' लिहून पान उलटलं असतं. म्युलरने मोजून लिहिलं.

यातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग फेब्रुवारी १८३६ चा. घर मिळालं, पैसे आले, कामाला माणसं मिळाली. मुलांचे अर्ज घेण्यासाठी एक दिवस जाहीर झाला. म्युलर जाऊन बसला. दोन तास बसला. एकही अर्ज आला नाही! परत येताना त्याच्या लक्षात आलं की आपण बशांपासून बिछान्यांपर्यंत सगळ्यासाठी प्रार्थना केली, पण मुलं यावीत म्हणून एकदाही केली नाही. ती येणारच, असं गृहीत धरलं होतं. टेस्ट केसेस सगळ्या लिहायच्या आणि मुख्य इनपुटच विसरायचं, त्यातला प्रकार. मग त्या संध्याकाळी ती प्रार्थना झाली आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला. एप्रिलमध्ये विल्सन स्ट्रीटवरचं घर सुरू झालं. त्याच महिन्यात त्याने एक अख्खा दिवस फक्त उपकारस्तुतीसाठी ठेवला.

म्युलरबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगतात. मुलं रिकाम्या ताटांसमोर बसली आहेत, म्युलर जेवणाआधीची प्रार्थना म्हणतोय, आणि तेवढ्यात दारात पाववाला येतो, पाठोपाठ दुधाच्या गाडीचं चाक मोडतं. सांगायला फार सुरेख आहे. पण मला विचाराल तर त्याच्या वहीतल्या नोंदी याहून कमी नाटकी आणि जास्त खऱ्या आहेत. उदाहरणार्थ सप्टेंबर १८३८. शिल्लक संपलेली. घरातल्या, नसल्या तरी चालतील अशा वस्तू विकायची वेळ आलेली. त्याच दिवशी दुपारी लंडनकडून आलेल्या एक बाई तीन पौंड दोन शिलिंग सहा पेन्स आणून देतात, त्यांच्या मुलीने पाठवलेले. बोलता बोलता कळतं की त्या चार-पाच दिवसांपूर्वीच ब्रिस्टलला आल्या होत्या आणि मुलांच्या आश्रमाच्या अगदी शेजारच्या घरात उतरल्या होत्या. म्हणजे ते सगळे दिवस इकडे लोक काळजीत आणि पैसे भिंतीपलीकडे!

तुम्हीआम्ही काय म्हटलं असतं? "बाई, चार दिवस आधी नाही का यायचं?" म्युलरने लिहिलंय त्याचा भावार्थ असा, की पैसे इतके जवळ येऊन थांबले होते याचा अर्थ मदत द्यायची हे आधीपासूनच ठरलेलं होतं. उशीर झाला तो आम्ही मागत राहावं म्हणून. हा अर्थ तुम्हाला पटेल किंवा नाही पटणार. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. त्याने चार दिवसांची ओढाताण खोडून टाकली नाही. आभार मानताना तीही नोंदीत ठेवली.

या काळात सोसणारा तो एकटा नव्हता. बाहेरच्या कुणालाही तंगी कळू द्यायची नाही असा नियम होता, पण आश्रमात काम करणाऱ्यांना मात्र सगळं सांगितलं जायचं, आणि त्यांनी आपल्या तुटपुंज्या पगारातले, साठवलेले पैसे अनेकदा मुलांच्या जेवणासाठी घातले. विश्वासाच्या गोष्टीत एका माणसाचं नाव होतं आणि बाकीच्यांचं गाठोडं रिकामं होतं, हे नेहमीचंच. आपल्याकडे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. नारायण वामन टिळक हातात येईल ते वाटून मोकळे, १९१७ मध्ये तर मिशनची पगारी नोकरीही सोडली, आणि घराचा मेळ घालायचा लक्ष्मीबाईंनी.

म्युलरच्या हिशेबाचे नियम कडक होते. उधारी नाही. पूर्वी पाव-दुधाचं बिल आठवड्याला द्यायचे, ते बंद करून रोजच्या रोज रोख द्यायला लागले. कारण साधं. देव आपल्याला रोजचं रोज देतोय, मग आठवड्याच्या शेवटी पैसे नसले तर त्या दुकानदाराने का थांबायचं? भरवसा आपला, झळ दुसऱ्याला, हे त्याला चालत नव्हतं. प्रत्येक देणगीला नंबर घातलेली पावती. वार्षिक अहवालात देणाऱ्याचं नाव नाही, पण रक्कम पेन्सपर्यंत छापलेली.

इथे कुणीही हुशार वाचक म्हणेल, अहो, अहवाल छापणं म्हणजे मागणंच झालं की! हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्युलरलाही तो कळत होता. १८४१ च्या अखेरीस अहवाल आणि वार्षिक सभेची वेळ आली तेव्हा आश्रमात अगदी खडखडाट होता. नेमकं आत्ताच हिशेब सांगितला तर ती आडून मागणी ठरेल, म्हणून त्याने सभा आणि अहवाल दोन्ही पुढे ढकललं. कुठल्या संस्थेने पैसे नाहीत म्हणून फंडरेझर रद्द केल्याचं ऐकलंय का तुम्ही?

पुढचं थोडक्यात. १८४९ मध्ये ॲशली डाउनला तीनशे मुलांची इमारत झाली, १८७० पर्यंत पाच इमारती आणि दोन हजारांहून जास्त मुलांची सोय. आयुष्यभरात सुमारे पंधरा लाख पौंड त्याच्या हातातून गेले. १८९८ च्या मार्चमध्ये वारला तेव्हा स्वतःचं म्हणून जे उरलं ते पुस्तकं आणि सामानसुमान धरून दीडशे पौंडांच्या आसपास.

आता माझ्या आतला इंजिनिअर एक शंका काढतो. ज्यांना मिळालं त्यांनी अहवाल छापले. ज्यांनी इतकाच भरवसा ठेवला आणि ज्यांच्याकडे शेजारच्या घरात कुणी बाई उतरल्याच नाहीत, त्यांचं काय? त्यांचा लॉग कुठे आहे? या प्रश्नाला म्युलरच्या वहीत उत्तर नाही. ज्या बाईच्या आयुष्यात तो प्रश्न सगळ्यात टोकदारपणे आला, तिने मात्र म्युलरचं पुस्तक वाचलं होतं, आणि ते इथे आपल्याकडे.

पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आयुष्य देवाच्या भरवशावर काढलं होतं. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायचं, मिळालेलं दानधर्मात घालायचं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते संपलं. अनुष्ठानं केली, उपास केले. शेवटी झाडपाल्यावर दिवस काढले. वडील, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. हे रमाबाईंनी नंतर स्वतः लिहिलंय आणि ते वाचताना घशाशी येतं. या माणसांची श्रद्धा कमी पडली असं कोण म्हणेल? 'देव भुकेल्याला उपाशी ठेवत नाही' हे वाक्य रमाबाईंना कुणी सहज म्हणून दाखवू शकलं नसतं.

पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत असतो. कलकत्त्यात 'पंडिता' ही पदवी, लग्न, दोन वर्षांत वैधव्य, लहानग्या मनोरमेला घेऊन १८८३ मध्ये इंग्लंड, तिथे बाप्तिस्मा. (योगायोग म्हणजे १८८३-८४ मध्ये म्हातारा म्युलर भारतात प्रवचनं देत फिरत होता आणि या इंग्लंडात होत्या.) मग अमेरिका, आणि तिथल्या देणगीदारांच्या भरवशावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांची हमी दिली होती. म्हणजे चांगलं 'फंडिंग' होतं. मग १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावर पुण्यात वादळ उठलं, 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात सगळी बाजू एकाच पक्षाची होती असं मला वाटत नाही. विद्यार्थिनींचे पालक धर्माच्या बाबतीत तटस्थता धरून चालले होते, त्यांचं बिथरणं समजण्यासारखं आहे. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

याच वर्षांत कधीतरी रमाबाईंच्या हाती तीन पुस्तकं आली. चीनमध्ये काम करणारा हडसन टेलर, दक्षिण समुद्रातल्या बेटांवरचा जॉन पेटन आणि ब्रिस्टलचा म्युलर. तिघेही ठरावीक हमीशिवाय काम करणारे किंवा तसं जगलेले. वाचून त्यांना वाटलं, देवाच्या शब्दावर असं विसंबणं भारतात शक्य नाही का? कुणीतरी मिशनरी येऊन हे इथे करून दाखवील तर किती बरं, असं त्यांच्या मनात आलं. मग लक्षात आलं की दुसऱ्या कुणाची वाट कशाला बघायची, हे आपणच करायचंय.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. शारदा सदनाचे अमेरिकेतून येणारे पैसे पन्नासेक मुलींना जेमतेम पुरणारे. पण दुष्काळ म्हणजे काय हे या बाईंना पोटातून माहीत होतं. त्या गेल्या आणि तीनशेहून जास्त मुली-बायकांना घेऊन आल्या. या सगळ्यांना खायला काय घालणार, असं लोकांनी विचारलं तर त्यांच्याकडे आकड्यांत उत्तर नव्हतं. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून पुणे-सोलापूर रेल्वेलाइनवरच्या केडगावला, आपल्या शेतजमिनीवर, त्यांनी या मुलींना नेलं. तेच पुढे 'मुक्ती'. १८९८ मध्ये अमेरिकेची दहा वर्षांची हमी संपली. आणि १९०० मध्ये, गुजरातच्या दुष्काळाच्या वेळी, रमाबाईंनी आणखी शेकडो मुली आणल्या. कंपनीचं फंडिंग संपलेलं असताना भरती कैक पटींनी वाढवणारा सीईओ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे काय होतं ते कळेल.

१९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत छापली. तिच्या शेवटाकडे केडगावचा ताळेबंद आहे आणि तो असा की: रोजच्या गरजेपलीकडे एक पैही शिल्लक नाही, कुठे बँकेत खातं नाही, कसली ठेव नाही, ठरलेलं उत्पन्न नाही, आणि आम्ही आनंदात आहोत. हा ताळेबंद लिहिणाऱ्या बाईचे आईवडील अन्नावाचून गेले होते, हे विसरून तो वाचता येत नाही.

या भरवशाचा अर्थ हात जोडून बसणं असा मात्र केडगावला कधीच नव्हता. शेती होती, दूधदुभतं, तेलाचा घाणा, विणकाम, छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेल होतं. विहिरी खणल्या गेल्या. आईवडिलांच्या बाबतीत जे घडलं त्याचा रमाबाईंनी स्वतःपुरता धर्मशास्त्रीय अर्थ लावला होता, तो सगळ्यांनी मान्य करावा असं नाही. पण त्यांच्या कृतीतून मला दुसरंच काहीतरी दिसतं. ज्या वेळी तीन माणसं उपाशी मेली, त्या वेळी त्यांच्याकडे कुणीच आलं नव्हतं. त्यामुळे पुढच्या दोन दुष्काळांत या बाई स्वतः जाऊन पोचल्या. म्युलरच्या वहीतल्या, शेजारच्या घरात उतरलेल्या त्या लंडनच्या बाईंची जागा त्यांनी घेतली, आणि चार-पाच दिवस थांबल्या नाहीत.

शेवटची पंधरा-सोळा वर्षं त्यांनी एका अचाट कामात घातली. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर, तेही खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायका करायच्या, म्हणजे दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणलेल्या मुलीच. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, संस्थेचा सगळा भार जिच्या खांद्यावर द्यायचा ती. उपकारांच्या वहीत ही नोंद कुठल्या रकान्यात घालायची?

रमाबाई भाषांतराला बसत राहिल्या. ते पूर्ण केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पुढची दोन वर्षं केडगावच्या बायका छापत होत्या, १९२४ मध्ये पुस्तक बाहेर आलं.